स्क्रीनवर ‘पात्र नाही’ आलं, आता काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आयुष्मान कार्ड (सरकारी योजनेतून मोफत उपचारांसाठीचं) आणि बाकीच्या ऑनलाइन नोंदण्यांबद्दल प्रश्न मागवले होते, भरपूर आले. मी नोंदणीच्या कॅम्पमध्ये लॅपटॉप घेऊन बसते, त्यामुळे जे रोज समोर बघते त्यावरूनच उत्तरं देतेय. नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : सासू, सासरे आणि नवरा तिघांची आयुष्मान कार्डं निघाली. माझं आणि दोन वर्षांच्या मुलाचं नाव मात्र यादीत दिसतच नाही. केंद्रावर म्हणाले तुम्ही पात्र नाही. एकाच घरात असं कसं काय?

ताई, आधी मनातून ‘पात्र नाही’ हा शब्द काढून टाका, कारण बहुतेक वेळा खरी गोष्ट एवढीच असते की कॉम्प्युटरला तुम्ही सापडला नाहीत, आणि सापडणं न सापडणं वेगळं आणि पात्र असणं नसणं वेगळं. आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली तेव्हा यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून केलेली होती. म्हणजे त्यानंतर लग्न होऊन आलेली सून, त्यानंतर जन्मलेलं लेकरू त्यात असणार तरी कुठून. पुढे आपल्याकडे रेशन कार्डाची माहिती जोडली गेली, त्यामुळे आता सगळा खेळ रेशन कार्डावर नाव आहे का आणि ते ऑनलाइन चढलंय का यावर आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाहीये. माहेरच्या रेशन कार्डातून नाव कमी केलंत का? मी हे पहिलं विचारते. एक मुलगी माझ्याकडे तिसऱ्यांदा आली होती, कडेवर बाळ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद, दोन ठिकाणी ‘नाही’ ऐकून आलेली. मी सासरचं कार्ड बाजूला ठेवलं आणि तिच्या वडिलांच्या कार्डाचा बारा अंकी नंबर टाकला, तर पाचव्या ओळीत तिचं नाव, लग्नाआधीच्या आडनावासकट. ती स्क्रीनकडे बघतच राहिली. लग्नाला सहा वर्षं झालेली आणि सरकारी कागदावर ती अजून बापाच्याच घरी होती.

तेव्हा क्रम असा ठेवा. माहेरच्या तहसीलच्या पुरवठा विभागातून नाव कमी केल्याचा दाखला घ्या, तो आणि लग्नाचा दाखला लावून सासरच्या कार्डात नाव चढवा, त्याच अर्जात बाळाचा जन्मदाखला जोडून त्याचंही नाव घाला, दोन वेगळे हेलपाटे नकोत. नाव कागदी कार्डावर लिहून दिलं म्हणजे झालं असं नाही हां, बारा अंकी नंबर टाकल्यावर ऑनलाइन दिसतंय का ते तिथेच उभं राहून बघा. आणि आयुष्मान कार्ड घरटी एक नसतं, माणशी एक असतं, पाच लाखांचं कव्हर मात्र सगळ्या कुटुंबाला मिळून वर्षाचं. म्हणून प्रत्येकाचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, वेगळं करावं लागतं.

मधल्या काळात कोणी आजारी पडलंच तर घाबरू नका, राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटता येतं, मग आयुष्मान कार्ड हातात नसलं तरी चालतं.

प्रश्न : ई-केवायसी झालं पण महिनाभर ‘पेंडिंग’च दिसतंय. परत नवीन अर्ज करू का?

नको नको, परत अजिबात करू नका. पेंडिंग म्हणजे तुमचं आधारवरचं नाव आणि यादीतलं नाव पुरेसं जुळलं नाही, म्हणून कोणीतरी माणूस ते बघून मंजूर करणार आहे. आपल्या नावांची गंमत तुम्हाला माहितीच आहे, रेशन कार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे ‘बाई’ लागलेलं कुठे नाही, आणि ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग एकाने डी-एन-वाय ने लिहिलेलं तर दुसऱ्याने जी-वाय ने. माणसाला कळतं हा तोच माणूस, मशीनला नाही कळत. १४५५५ ला फोन करून अर्ज नक्की कुठे अडकलाय ते विचारा. ‘रिजेक्टेड’ आलं तर कारण वाचा, वाचायला जमत नसेल तर स्क्रीनचा फोटो काढून आणा. कारण न बघता दुसऱ्यांदा भरलेला अर्ज तिथेच जाऊन अडकतो.

प्रश्न : माझ्याकडे आभा कार्ड आहे. हॉस्पिटलने घेतलं नाही.

दादा, आभा म्हणजे विमा नाही. तो चौदा अंकी नंबर तुमचे रिपोर्ट, तुमच्या चिठ्ठ्या एका जागी जोडण्यासाठी आहे, तो कोणीही काढू शकतो आणि त्यावर उपचाराचे पैसे मिळत नाहीत. दोन्ही कार्डांवर ‘आयुष्मान भारत’ छापलेलं असतं म्हणून ही गल्लत होते, आणि ती नेमकी ॲडमिट व्हायच्या वेळी कळते, याचं मला फार वाईट वाटतं. आज घरात बसल्या बसल्या बघून ठेवा कोणतं कार्ड आहे ते.

प्रश्न : आई ७४ वर्षांची. अंगठा मशीनवर उठतच नाही. घरी परत पाठवलं.

परत पाठवायला नको होतं. आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या बोटांवर रेषा उरतच नाहीत. माझ्यासमोर एक आजी दहाही बोटं एकेक करून पुसून टेकवत होत्या, पदराने पुसायच्या, टेकवायच्या, लाल दिवा, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायच्या जणू चूक त्यांचीच. शेवटी चेहऱ्याने झालं, एका मिनिटात.

अंगठा हा एकच रस्ता नाहीये. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपी, नसेल तर डोळ्याची बुबुळं, नाहीतर चेहरा, चारही चालतात. केंद्रावर स्पष्ट म्हणा, “चेहऱ्याने करा”. तुमच्या मोबाइलवर आयुष्मान ॲप आणि सोबत चेहरा ओळखणारं आधार फेस आरडी ॲप टाकलं तर घरीच होतं, फक्त आईंना खिडकीकडे तोंड करून बसवा, उजेड मागून आला की चेहरा पकडत नाही, आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगा.

आणि सत्तरच्या पुढच्या माणसाला यादीची गरजच नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं झालेल्या प्रत्येकाला वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न किती का असेना, लागतं फक्त आधार. वय आधारवरच्या जन्मतारखेवरून धरतात, तेवढी आधी तपासा, कारण अंदाजे लिहिलेल्या तारखा पुष्कळ आहेत. कार्ड मोफत आहे, कोणी पैसे मागितले तर उठून या.

प्रश्न : मातृवंदना योजनेचा पहिला हप्ता ‘जमा’ दिसतोय, खात्यात एक रुपया नाही.

गरोदर बायकांसाठीच्या या योजनेत पहिल्या बाळाचे पाच हजार दोन हप्त्यांत येतात, पहिला तीन हजारांचा. ते पैसे तुम्ही फॉर्मवर कोणतं पासबुक जोडलं ते बघून जात नाहीत, आधारला शेवटचं जे खातं सीडिंग झालंय, म्हणजे जोडलं गेलंय, तिथे जातात. बऱ्याच जणींचं कॉलेजात स्कॉलरशिपसाठी उघडलेलं नाहीतर माहेरी असताना काढलेलं खातं अजून जोडलेलं असतं. आधारच्या वेबसाइटवर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, तिथे बँकेचं नाव येतं. ते वाचलं की आईला फोन करून कपाटातलं जुनं पासबुक शोधायला सांगा, आणि दुसरा हप्ता यायच्या आधी हल्लीच्या बँकेत जाऊन सीडिंग बदलून घ्या.