एसएसबीतून परत आलेला मुलगा आणि बारावं चित्र

"एसएसबीतून मला परत पाठवलं. तिथले सायकॉलॉजिस्ट मन वाचतात म्हणे. मग माझ्या व्यक्तिमत्त्वातच काही खोट आहे का?"

एसएसबी म्हणजे सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणारं मंडळ. साताऱ्याकडे समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत भेटतो. कधी मुलगा स्वतः विचारतो, कधी त्याची आई फोनवर दबक्या आवाजात विचारते. उत्तर आधीच देऊन टाकते: नाही. एसएसबीच्या पाच दिवसांत अधिकाऱ्याच्या कामाला लागणारे ठरावीक पंधरा गुण तपासतात. आजार शोधण्याची ती चाचणीच नाही, आणि माणसाची किंमत ठरवण्याची तर नाहीच. पण एवढ्याने कुणाच्या जिवाला स्वस्थता येत नाही, म्हणून ओंकारबद्दल सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ओंकार बावीस वर्षांचा, कोरेगाव तालुक्यातला. वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, चुलता अजून फौजेत. सीडीएसची, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या परीक्षेची, लेखी पहिल्याच फटक्यात निघाली. भोपाळला पहिल्या दिवशीचं स्क्रीनिंगही निघालं. पाचही दिवस राहिला आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स, म्हणजे परीक्षकांची अंतिम बैठक, झाल्यावर निवडलेल्यांत त्याचा चेस्ट नंबर पुकारला गेला नाही. परत आल्यावर पहाटेचं पळणं बंद झालं, मित्रांचे फोन घेईना, रात्री दोन-दोनपर्यंत जागा. घरचे कलामांचं उदाहरण देत होते. डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत ते नववे आले होते आणि जागा आठच होत्या. उदाहरण खरं आहे, पण ओंकारच्या कानाला ते वेगळंच ऐकू आलं. "म्हणजे आता मी कलाम व्हायचं, तरच हे माफ होणार," असं तो म्हणाला. खचलेल्या मुलाला थोरांचं उदाहरण देताना एवढं लक्षात ठेवावं.

त्याला सगळ्यात जास्त छळत होती मानसशास्त्रीय चाचणी. "मुलाखतीत मी काय बोललो ते मला आठवतंय. पण त्या गोष्टींमधून त्यांनी काय ओळखलं ते मला कळणारच नाही." म्हणून मी आधी त्याच्यासमोर ती चाचणीच उलगडून ठेवली. काय मोजलं गेलं हे न कळण्याची भीती नुसत्या धीराच्या शब्दांनी जात नाही.

चित्र पाहून गोष्ट लिहायची ही चाचणी, म्हणजे टीएटी, हेन्री मरे आणि क्रिस्टियाना मॉर्गन यांनी हार्वर्डच्या मानसशास्त्रीय क्लिनिकमध्ये तयार केली आणि 1935 मध्ये मांडली. तिच्यामागे मनोविश्लेषणाचा विचार आहे. माणसाला अस्पष्ट काही दाखवलं, तर तो त्यात आपल्या मनातल्या गरजा, भीती, आशा घालतो. एसएसबीत अकरा चित्रं असतात, प्रत्येक तीस सेकंद दिसतं आणि गोष्टीला चार मिनिटं मिळतात. बारावं चित्र कोरं. त्यानंतर साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात पहिलं येईल ते लिहायचं. या शब्दांच्या चाचणीची मुळं कार्ल युंगच्या झुरिकमधल्या कामात आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हातात घड्याळ धरून रुग्णांना एकेक शब्द ऐकवायचा आणि कुठल्या शब्दाला उत्तर अडखळतं ते टिपायचा. दुखरा विषय तिथे आहे, असा त्याचा कयास. एसएसबीची ही निवडपद्धत मुळात ब्रिटिश सैन्यात 1942 मध्ये उभी राहिली. तिच्या घडणीत विल्फ्रेड बियॉनसारखा मनोविश्लेषणाकडे वळलेला डॉक्टर होता. नेता न नेमता गटाला काम देऊन पाहत राहायचं, ही कल्पना त्याची. पुढच्याच वर्षी डेहराडूनला असं मंडळ आलं.

"म्हणजे ते खरंच मन वाचतात," ओंकार म्हणाला.

इथे मी त्याला थांबवलं. गोष्टींवरून माणूस ओळखण्यावर मानसशास्त्रातच जुना आक्षेप आहे. एकच गोष्ट दोन तज्ज्ञ वेगळी वाचू शकतात. तोच माणूस दुसऱ्या दिवशी वेगळी गोष्ट लिहू शकतो. एसएसबीतही निर्णय एकट्या सायकॉलॉजिस्टचा नसतो. मुलाखत घेणारे अधिकारी असतात, मैदानावर काम करून घेणारे जीटीओ असतात, आणि शेवटी सगळे एकत्र बसतात. कुणी एकाने अबोध मनात डोकावून शिक्का मारला, असं तिथे घडत नाही.

मग त्याने पिशवीतून वही काढली. क्लासमध्ये लिहून घेतलेल्या गोष्टी. सगळ्यांचा नायक पंचवीस वर्षांचा, एनसीसी केलेला, नाव कधी राजेश तर कधी विक्रम. गावात पूर आला की तो तरुणांना गोळा करतो, आग लागली की तरुणांना गोळा करतो, शेजारी कुणी आजारी पडलं तरी तरुणांनाच गोळा करतो. तीस-बत्तीस पानांत एकही माणूस एकदाही घाबरत नाही. वाचताना मला वाईट वाटलं. मुलांना असं पाठ करायला लावणं मला चुकीचं वाटतं, आणि हे मी पालकांना स्पष्ट सांगते. चाचणीत ते चालेल की नाही हा भाग नंतरचा. आपल्या मनात येतं ते लपवण्यासारखंच असतं, हे मूल त्यातून शिकतं.

माझ्याकडे वर्तमानपत्रातून कापलेला एक फोटो होता. एसटी स्टँड, संध्याकाळ, एक तरुण खांद्यावर बॅग घेऊन उभा, मागे बाकावर एक वयस्कर माणूस. एसएसबीचं चित्र नव्हे, गुण नाहीत, घड्याळ नाही. मी म्हटलं, लिहू नको, सांग. पहिली गोष्ट वहीतली आली: तरुण रक्तदान शिबिराला निघालाय. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "हा शेवटच्या एसटीने गावात जाणार आहे. उजेडात गेला तर लोक विचारतील." आणि बाकावरचा माणूस? "त्याचे वडील. ते काही बोलत नाहीत. त्यांना कळलंय की हा कामाचा नाही."

हा मुलाच्या मनाचा एक्स-रे मिळाला, असं मी मानत नाही. अशा गोष्टीतून मला फक्त पुढचा प्रश्न मिळतो. मी विचारलं, "बाबा तुला असं कधी म्हणाले?" नाही. "कुणाजवळ म्हणाले?" नाही. "मग?" "ते काहीच विचारत नाहीत, म्हणजे तेच."

पुढच्या भेटीला वडील आले. ताठ बसले, बराच वेळ फक्त ऐकत होते. मग म्हणाले, "मी विचारलं तर त्याला लागेल, म्हणून गप्प राहिलो. आमच्यात असंच असतं." ओंकार त्यांच्याकडे बघतच राहिला. फ्रॉइडने ज्याला प्रक्षेपण म्हटलं ते हेच. स्वतःवरचा राग सोसवत नाही, तेव्हा तो आपल्याला समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतो. त्याच्या मुलीने, अॅना फ्रॉइडने, 1936 मध्ये मनाच्या अशा बचावांचा नीट अभ्यास मांडला. वडिलांच्या गप्प राहण्यात ओंकारने आपला निकाल ऐकला होता.

एसएसबीच्या निकालाचंही तसंच झालं होतं. न निवडलेल्या उमेदवाराला तिथे कारण सांगितलं जात नाही. मुलाच्या हाती राहतं ते बारावं, कोरं चित्र, आणि त्यावर तो आपली सगळ्यात जुनी भीती लिहितो. ज्याला लहानपणी बुजरा म्हणून हिणवलं तो लिहितो, मी कमी बोललो म्हणून गेलो. ज्याला इंग्रजीची धास्ती तो लिहितो, माझं इंग्रजी. "काय खोट असेल," असं मुलं विचारतात तेव्हा मी उलट विचारते, "तुला पहिलं काय वाटलं?" ते उत्तर मंडळाबद्दल काही सांगत नाही. कामाला सुरुवात मात्र तिथूनच होते.

ओंकारचं पहिलं उत्तर होतं, "मी अंतर्मुख आहे." मोबाइलवरच्या चाचणीने त्याला चार इंग्रजी अक्षरांचा एक व्यक्तिमत्त्वप्रकार दिला होता आणि तो त्याला जन्मखुणेसारखा धरून बसला होता. मी त्याच्याकडून व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांची प्रश्नावली भरून घेतली. या पद्धतीची सुरुवात शब्दकोशातून झाली. ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी 1936 मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास अठरा हजार शब्द वेचले. पुढच्या संशोधकांनी ते गाळत पाच मोठ्या घटकांपर्यंत आणले. बहिर्मुखता त्यातला एक घटक, आणि तिचे दोन कप्पे नसतात, एक सलग पट्टी असते. बहुतेक माणसं मधोमधच्या आसपास येतात. ओंकारही मध्याच्या थोडा खालीच होता. कर्तव्यदक्षतेत मात्र बराच वर. शिवाय विशीत-तिशीत सरासरी माणूस अधिक जबाबदार आणि भावनिकदृष्ट्या स्थिर होत जातो, असं दीर्घकाळच्या अभ्यासांतून दिसतं. बाविसाव्या वर्षीचे गुण दगडावर कोरलेले नसतात.

एसएसबीत एक स्वतःविषयीचा उताराही लिहावा लागतो: आईवडील, शिक्षक, मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं. ओंकारने तोही क्लासच्या नमुन्यातून घेतला होता. मी म्हटलं, जा आणि खरंच विचार. मित्र म्हणाला, तू राग मनात धरतोस. आई म्हणाली, स्वतःची चूक पटकन मान्य करतोस. वडिलांनी दोन दिवस घेतले आणि म्हणाले, "उशिरा बोलतो, पण बोलला की करतो." हे सगळं त्याने आपल्या भाषेत लिहून काढलं. क्लासची वही घरीच ठेवली. पळणं परत सुरू झालंय. पुढच्या सीडीएसचा अर्ज भरलाय आणि सोबत कृषीच्या पदव्युत्तर प्रवेशाचाही. दुसरा अर्ज वडिलांनीच सुचवला.

पालकांना दोन गोष्टी सांगते. मुलगा परतल्यावर कारण शोधायला बसू नका. काय झालं ते एकदा विचारा आणि त्याला सांगू द्या. आणि दोन आठवडे उलटूनही झोप, जेवण, बोलणं रुळावर येत नसेल, तर डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा निघाली तर दोन आठवडेही थांबू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मोफत सेवेचा क्रमांक 14416 आहे. तिथे दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं.