तालुक्याच्या छोट्या कॉलेजात मुलीला घातलं तर तिचं कॉलेज लाइफ हुकेल का?

नाही हुकणार. माझ्या थोरल्या भावाला हेच उत्तर मी बावीस वर्षं देत आलेय आणि त्याला ते अजून पटलेलं नाही. तुमचा प्रश्न दिसला आणि राहवलं नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावी आर्ट्सला चांगल्या मार्कांनी पास झालीय, घरापासून चौदा किलोमीटरवर चारशे मुलांचं कॉलेज आहे, पण पाव्हणेमंडळी म्हणतात, तिथं ना धड गॅदरिंग, ना स्पर्धा, पोरगी नुसती एसटीनं जाईल नि येईल, पुण्याला टाका. हे पाव्हणे आमच्याही घरी आले होते. दोघांपैकी एकालाच बाहेर ठेवायची आण्णांची ऐपत होती. दादा पुण्याला गेला आणि मी माण तालुक्यातल्याच कॉलेजात बी.ए.ला. तिन्ही वर्षांची मिळून साडेतीनशे पोरं, एक हॉल, आणि तोही परीक्षा आली की बाकांनी भरलेला.

२००३ साल, मी एस.वाय.ला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला. पावसानं पाठ फिरवली होती, जनावरं छावणीत, गावाला टँकर. तेव्हा १९९४ च्या विद्यापीठ कायद्यामुळे कॉलेजात निवडणुका नव्हत्या, मार्कांवर सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, ठरायचा. म्हणून मी सीआर, आणि म्हणून युवा महोत्सवाची नोटीस वर्गात वाचायचं काम माझ्याकडे आलं. वाचली, कुणीही नाव दिलं नाही. तास संपल्यावर इतिहासाचे सर म्हणाले, "मूकनाट्याला सहा जण लागतात. पाच मिनिटांचं असतं. सामानसुमान काही लागत नाही." सर तासिका तत्त्वावर होते, सहा-सहा महिने पगार नसायचा. त्यांनी स्वतः मूकनाट्य कधी बसवलं नव्हतं. पण सामान लागत नाही म्हटल्यावर आम्ही सहा मुली तयार झालो.

विषय शोधावा लागला नाही. टँकर येतो आणि गाव विहिरीवर तुटून पडतं, एवढाच. बाहेरच्यांना वाटतं टँकरला नळी लावून हंडे भरतात. आमच्याकडं टँकर विहिरीत रिकामा करायचे आणि तेच पाणी बायकांनी दोरानं परत शेंदून काढायचं. त्यात एक मुलगी, तिची परीक्षा आहे, एसटीची वेळ होत आलीय आणि तिची बादली काही भरत नाही.

पहिल्या तालमीला आम्ही जोर लावून दोर ओढत होतो. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "दोर ओढताय हे दिसतंय. पाणी शेंदताय असं वाटत नाही." का ते त्यांनाही सांगता येईना. सांगितलं आमच्यातल्या वाडीवरच्या मुलीनं, जी वर्गात कधी तोंड उघडायची नाही. "सर, पाण्यात हाय तवर बादलीला भार न्हाय. पाण्याभाईर आली की मग खांदा वडती. ह्या सुरवातीपास्नंच वडत्यात."

त्यानंतर तिनंच आम्हाला शिकवलं. बादली सोडताना दोर मुठीतून नुसता सरकू द्यायचा. पाण्याला टेकली की मनगटाला एक झटका द्यायचा, म्हणजे ती कलंडते आणि भरते. पहिले दोन हात हलके जातात. तिसऱ्या हाताला बादली पाण्याबाहेर येते आणि तिथं एकदम गुडघे वाकतात, डावा पाय काठाला रुततो. बादली भिंतीवर आपटून सांडू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून ओढायचं. वर आली की दोर पायाखाली दाबायचा आणि मगच कडीला हात घालायचा. हे आम्ही सगळ्याच जणी घरी रोज करत होतो. पण आपले हात काय करतात हे त्याआधी एकीनंही बघितलं नव्हतं.

कॉलेज अकरा ते पाच आणि वाड्यांवर जाणारी एसटी साडेपाचची, त्यामुळे संध्याकाळी तालीम शक्यच नव्हती. सकाळी आठच्या गाडीनं यायचो आणि कॉलेज भरेपर्यंत हॉलमध्ये. चेहऱ्याला लावायला पांढरा रंग हवा. मेडिकलमधून झिंक ऑक्साईडची पावडर आणली, पाण्यात कालवली तर वाळून पापुद्रे सुटले, मग खोबरेल तेलात कालवली. भुवया-ओठांना काजळ. मुक्कामाला पाठवायला दोघींच्या घरून नकार होता, तर मराठीच्या मॅडम त्यांच्या घरी जाऊन बसल्या, "माझ्या शेजारी झोपवीन" म्हणाल्या. साडेतीनशे पोरांच्या कॉलेजात हे होतं. तुमच्या घरात आई-वडिलांचं काय म्हणणं आहे हे तिथं प्राध्यापकांना माहीत असतं.

जिल्हा फेरीत आमचा दुसरा नंबर आला. त्या दिवशी विहीर आणखी दोन संघांनीही दाखवली. निकालानंतर एक परीक्षक स्टेजमागं आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "बादली मध्येच जड होते, हे कुणी बसवलं?" आम्ही पाचही जणींनी तिच्याकडे बोट केलं. तिनं मान खाली घातली. पुढच्या फेरीत आमचा नंबर आला नाही.

डिसेंबरात एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिरात दत्तक गावी देवळापुढं तेच मूकनाट्य केलं. वर एक बल्ब, समोर बायका-पोरं. मी बादली वर घेत होते तेव्हा पुढं बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आगं दमानं, दोर काचंल हाताला." माझ्या हातात दोर नव्हता. त्या वाक्याची बरोबरी करणारं बक्षीस मला त्यानंतर मिळालेलं नाही.

आता गॅदरिंग. फेब्रुवारी २००४. मूकनाट्याचा नंबर सहावा. दादाला मी पत्र लिहून कळवलं होतं, तो रात्रीच्या गाडीनं पुण्याहून आला. कार्यक्रम अकराचा. प्रमुख पाहुणे पावणेदोनला आले. मग दीपप्रज्वलन, ईशस्तवन, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपासून सगळ्यांचे शाल-श्रीफळ देऊन सत्कार, आणि मग पाहुण्यांचं जवळपास तासाभराचं भाषण. तरुण पिढीनं कला जपली पाहिजे, हा विषय. त्यानंतर बक्षीस वितरण. दोन नाच झाले आणि एसटीची वेळ झाली म्हणून कार्यक्रम आवरता घेतला. आम्ही सकाळी साडेदहापासून तोंडाला पांढरं लावून बाकड्यावर बसलो होतो. शेवटी बोअरच्या नळाखाली तोंडं धुतली. तेलात कालवलेलं, नुसत्या पाण्यानं निघेना. तशाच अर्धवट पांढऱ्या तोंडानं साडेपाचच्या गाडीत बसलो. दादा शेजारी होता. तो म्हणाला, "जाऊ दे गं, पाच मिनिटांचं तर होतं."

आमचं भांडण ते हेच. दादानं ते मूकनाट्य कधी पाहिलंच नाही, आणि तरी दर दिवाळीला तो म्हणतो की खरं कॉलेज लाइफ पुण्यात. त्याचं म्हणणं मी प्रामाणिकपणे सांगते. पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक घेतात ती एकांकिका स्पर्धा. भरत नाट्य मंदिरात खच्चून गर्दी, "अरे आव्वाज कुणाचा" म्हणत कॉलेजची पोरं छप्पर डोक्यावर घेतात. मी एकदा त्याच्याबरोबर गेले होते. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? २०२२ साली परीक्षकांनी कुणालाच करंडक दिला नाही, तर दादा दोन दिवस त्यावरच बोलत होता, इतका त्याचा जीव आहे त्यात.

पण दादा तीन वर्षांत एकदाही स्टेजवर गेला नाही. पडदा ओढायलासुद्धा नाही. त्याच्या कॉलेजात निवड चाचणीलाच शंभर-दीडशे पोरं असायची, त्यात शाळेपासून नाट्यशिबिरं केलेली. गावाकडून आलेला, बोलताना 'ण' आणि 'न' सांभाळणारा मुलगा दुसऱ्या फेरीआधीच गळायचा. तो प्रेक्षकांत बसून ओरडला आणि त्याला तो कॉलेज लाइफ म्हणतो. मला ते मान्य नाही. आमच्याकडं सहा लागत होत्या आणि सहाच होत्या. वाडीवरची ती मुलगी पुण्याच्या कॉलेजात असती तर तिला कुणी विचारलंही नसतं, आणि बादली जड कुठं होते हे कुणाला कळलंही नसतं. आज ती तिच्या गावात अंगणवाडी सेविका आहे आणि पोरांना गोष्ट सांगताना हातांनी सगळं उभं करते, मी बघून आलेय. दादा म्हणतो, "तुम्ही मुळात हुशार होता, कॉलेजचा काय संबंध?" संबंध हा की दुसरं कुणी नव्हतं म्हणून आम्हाला करावं लागलं.

म्हणून तुम्हाला सांगते. मुलगी आर्ट्सला जाणार आणि कॉलेज चालतं असेल, तर बेलाशक घाला. चालतं कॉलेज ओळखायला प्रॉस्पेक्टस बघू नका, त्यात सगळ्यांचाच फोटो चांगला येतो. भित्तिपत्रकावरची तारीख बघा. वार्षिक नियतकालिकाचा गेल्या वर्षीचा अंक मागा आणि त्यात मुलांनी लिहिलेलं किती आणि संस्थेच्या लोकांचे फोटो किती ते चाळा. एनएसएसचं शिबिर यंदा कुठल्या गावाला झालं हे शिपायाला विचारा, साहेबांना नको. ही योजना १९६९ पासूनची आहे, दोन वर्षांत २४० तास काम आणि एक निवासी शिबिर असा तिचा हिशोब असतो. ज्या कॉलेजात तो कागदावरच भरतात तिथं शिपाई गावाचं नाव सांगताना अडखळतो. युवा महोत्सवाला गेल्या वर्षी कोण गेलं होतं, त्यातल्या एखाद्या मुलीशी बोला. जिल्ह्यातून विद्यापीठ आणि तिथून निवड झाली तर राज्यातल्या विद्यापीठांच्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवापर्यंत वाट जाते, आणि त्या वाटेवर कॉलेज किती मोठं हे कुणी विचारत नाही. शिवाय नवीन शैक्षणिक धोरणात एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक कामाला क्रेडिट मिळतात. आमच्या वेळी तालमीमुळे तास बुडाला की बोलणी खावी लागायची.

हे सगळं लिहून झाल्यावर काही गोष्टी सांगायलाच हव्यात, नाहीतर तुमची फसगत होईल. सायन्स असतं तर मी असं ठाम सांगितलं नसतं. आमच्याकडं प्रयोगशाळेत एका सूक्ष्मदर्शकावर पंधरा पोरं असायची. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात, एकेक विषय तासिकांवर ढकलतात, आणि आमच्या सरांसारखा जीव लावणारा माणूस मिळेलच असं नाही. इंग्रजी माझं फार कच्चं राहिलं, बी.एड.ला गेल्यावर त्याचा त्रास झाला आणि आजही हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये कधी कधी होतो. काही कॉलेजांत पोरं फक्त परीक्षेला उगवतात, तसलं असेल तर चौदा किलोमीटर काय, दारात असलं तरी नको. मुलीला पुढं व्यावसायिक अभ्यासक्रम करायचा असेल तर २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना शासनानं फी माफ केलीय, ते नीट बघा. पण पुण्यातली खोली आणि मेस तुमच्याच खिशातून जाते. आणि मुलीला स्वतःला पुण्याला जायचं असेल, तर माझं काही ऐकू नका, पाठवा. मला कुणी विचारलं नव्हतं. दादाला विचारलं होतं.

बाकी गॅदरिंगचं एक. पत्रिका आली की मुलीचा नंबर कितवा ते विचारून घ्या आणि त्या दिवशी तुम्ही दोघंही जा, हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसा. पाहुणे उशिरा आले तर उभं राहून सांगा, आधी पोरांचं होऊ द्या, सत्कार नंतर करा. पालकानं भर सभेत सांगितलं तर ऐकतात, मी आता शिक्षिका म्हणून चारदा बघितलंय. आमच्या वेळी हॉलमध्ये सांगणारं कुणी नव्हतं. दादा आला होता, पण तो गेटपाशी बॅग धरून उभा होता.