ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) अगदी शेवटी निवडलेला परदेशी खेळाडू एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, मोठा होऊ शकतो का?

होऊ शकतो. मनू जिनोबिलीचंच बघा. अर्जेंटिनाच्या बाहिया ब्लांका शहरातला हा पोरगा. 1999 च्या ड्राफ्टमध्ये सॅन अँटोनियो स्पर्स या एनबीए संघाने त्याला 57 व्या क्रमांकावर घेतलं, म्हणजे शेवटून दुसरा! पण तो लगेच अमेरिकेला गेला नाही. तेव्हा तो इटलीत खेळत होता, तिथेच खेळत राहिला आणि 2001 मध्ये तिथल्या बोलोन्या संघाकडून युरोलीग ही युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा जिंकला. माझ्या मते खरी मेख इथेच आहे: 2002 मध्ये स्पर्सकडे आला तेव्हा तो नवखा नव्हता, चांगला तयार होऊन आला होता.

पुढे 2003, 2005, 2007 आणि 2014 अशी स्पर्सबरोबर एनबीएची चार विजेतेपदं. मधेच 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाने उपांत्य फेरीत अमेरिकेला 89-81 असं हरवलं, त्या सामन्यात मनूचे 29 गुण होते, आणि पुढे सुवर्णपदकही नेलं. गंमत म्हणजे एवढा मोठा खेळाडू, पण कारकिर्दीतला बराच काळ राखीव म्हणून बाकावरून उतरायचा. 2008 चा सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. 2018 मध्ये निवृत्त झाला, 2022 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेला. आणि सर्बियाचा एनबीए स्टार निकोला योकिचही ड्राफ्टमध्ये 41 वाच होता बरं का!