कानावर आलेले प्रश्न

ऑफिसात गाणी ऐकण्याबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचा शेवटचा प्रश्न एकच: 'नवीन कोणता घेऊ?' खिशात हात घालण्याआधी एवढं करा. तोच हेडफोन दुसऱ्या फोनला लावून बघा आणि त्याच लॅपटॉपला दुसऱ्या कुणाचा तरी हेडफोन लावून बघा. दोष कुणाचा ते दोन मिनिटांत कळतं, आणि बऱ्याचदा तो हेडफोनचा नसतोच.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणी झकास वाजतात. पण मीटिंग सुरू झाली की मागे चालू असलेलं गाणं जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखं वाटतं. कधी कधी मीटिंग संपली तरी तसंच राहतं. दुकानदार म्हणतो, पीस खराब आहे. (हिंजवडी)

पीस चांगला आहे, बदलून आणलात तरी नवाही असंच करेल. बहुतेक ब्लूटूथ हेडफोनांत आवाजासाठी दोन वेगळ्या वाटा असतात. गाण्यांची वाट एटूडीपी: स्टिरिओ, पण एकाच दिशेने, लॅपटॉपकडून कानाकडे. बोलण्याची वाट एचएफपी: दोन्ही दिशांनी चालते, पण मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. जुन्या पद्धतीत तिचं सॅम्पलिंग (आवाजाचे दर सेकंदाला घेतलेले नमुने) ८ किलोहर्ट्‌झ असतं, सुधारलेल्या पद्धतीत १६, आणि सॅम्पलिंगच्या निम्म्यापर्यंतच्याच पट्ट्या पकडता येतात. म्हणजे ४ किंवा फार तर ८ किलोहर्ट्‌झच्या वरचं सगळं कापलं जातं. बोलणं समजायला तेवढं पुरतं, पण टाळ-झांजांचा किणकिणाट आणि तानपुऱ्याची जवारी तिथेच संपते.

ही वाट बदलते ती हेडफोनचा माइक उघडला गेला की. मीटिंगच्या ॲपने माइक मागितला, लॅपटॉपने हेडफोनचा दिला, आणि सगळा आवाज बोलण्याच्या वाटेवर गेला. तुम्ही म्यूट असलात तरी ॲपने माइक धरून ठेवलेला असतो.

म्हणून ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइसेस'खाली स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा आणि मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. बहुतेकांचं काम इथेच होतं. मात्र झाकण मिटून मोठ्या मॉनिटरवर काम करत असाल तर लॅपटॉपचा माइक दबून जातो. मग साधा यूएसबी माइक घ्यावा लागेल. विंडोज १० असेल तर आणखी पक्का बंदोबस्त करता येतो: कंट्रोल पॅनेल, 'डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स', हेडफोनवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'सर्व्हिसेस', आणि तिथे 'हँड्सफ्री टेलिफोनी'पुढची खूण काढा. हेडफोनचा माइक त्या लॅपटॉपपुरता मुका होतो, गाणी अबाधित राहतात.

मीटिंग संपल्यावरही आवाज तसाच राहिला तर ब्राउझरमध्ये मीटिंगचा एखादा टॅब उघडा राहिलाय का ते पाहा. विंडोजमध्ये खाली घड्याळाजवळ माइकचं चित्र आणि मॅकवर वरच्या पट्टीत नारिंगी ठिपका दिसत असेल तर माइक अजून कुणीतरी धरून बसलंय.

ऑफिसच्या डेस्कटॉपला मोबाइलचे वायरचे इअरफोन लावले. वाद्यं ऐकू येतात, पण गाणारी व्यक्ती जणू शेजारच्या खोलीत बसून गातेय. फोनवर तेच इअरफोन ठीक आहेत. (नाशिक)

हा दोष ओळखायला फार सोपा आहे. वाजत असताना वायरवरचं माइकचं बटण दाबून धरा. गायक एकदम समोर आला आणि बटण सोडताच पुन्हा गायब झाला, तर रोग सापडला.

तुमच्या पिनेवर तीन काळ्या रेघा आणि चार धातूचे भाग आहेत. टोकापासून मोजलं तर डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि शेवटी माइक. डेस्कटॉपच्या हिरव्या सॉकेटला तीनच भाग माहीत असतात. त्याची ग्राउंडची पट्टी पिनेच्या बुडाशी, म्हणजे तुमच्या माइकवर टेकते. दोन्ही कानांची परतीची तार लोंबकळत राहते, आणि मग प्रत्येक कानात डावा आणि उजवा यांच्यातला नुसता फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच मिसळलेला असतो, म्हणून तो वजा होतो. कडेची व्हायोलिन्स आणि घुमारा तेवढा उरतो. बटण दाबलं की माइक आणि ग्राउंड आतल्या आत जोडले जातात, म्हणून तात्पुरतं सगळं जागेवर येतं. १९५०च्या दशकातलं मोनो गाणं लावलंत तर गंमत बघा, जवळजवळ सगळं गाणंच नाहीसं होईल.

उपाय म्हणजे वाय-आकाराचा स्प्लिटर: एका बाजूला चार भागांच्या पिनेसाठी सॉकेट, दुसरीकडे हिरवी आणि गुलाबी अशा दोन पिना. घेताना नीट बघा, कारण दिसायला अगदी तसाच, पण दोन जणांना एकत्र ऐकण्यासाठी असलेला स्प्लिटरही मिळतो. तो इथे उपयोगाचा नाही.

फोनवरही हेच होत असेल तर मात्र कारण वेगळं. एकतर जाड कव्हरमुळे पिन पूर्ण आत जात नाही, नाहीतर सॉकेटच्या तळाशी खिशातला कापूस साचलाय. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो अलगद काढा. सेफ्टी पिन घालू नका, आतल्या पट्ट्या वाकतात.

लॅपटॉप चार्जिंगला लावला की इअरफोनमध्ये बारीक गुणगुण येते. चार्जर काढला की बंद. (पनवेल)

चार्जरमधली विजेची कुरकुर लॅपटॉपच्या आतल्या ऑडिओ सर्किटमध्ये शिरतेय. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून हात फिरवल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटतं का? वाटत असेल तर बहुधा चार्जरची अर्थिंगची पिन कुठेतरी तुटलीय, किंवा तुम्ही तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॅप्टरमधून लावलाय. ते आधी नीट करा. हा नुसता गाण्याचा प्रश्न नाही.

अर्थिंग ठीक असूनही गुणगुण राहिली तर यूएसबी-सीमधून ३.५ मिमी सॉकेट देणारं छोटं डोंगल लावून बघा. त्यात आवाज घडवणारी चिप लॅपटॉपच्या बाहेर येते आणि बहुधा शांतता होते. या कामाला महागडं डोंगल लागत नाही.

चांगला नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतला, तरी शेजारच्या टेबलावरची बोलणी ऐकू येतातच. उलट जास्तच स्पष्ट येतात! मला चष्मा आहे, त्याचा काही संबंध? (डोंबिवली)

आहे, आणि 'जास्तच स्पष्ट' हा भासही नाही. नॉइज कॅन्सलिंग बाहेरचा आवाज माइकने ऐकतं आणि त्याच्या उलटी लहर सोडतं. एसी, पंखा, बसचं इंजिन अशा खालच्या पट्टीच्या, एकसुरी आवाजांवर ते उत्तम चालतं. बोलणं सतत बदलतं, आणि त्यातली व्यंजनं वरच्या पट्टीत असतात. त्यामुळे एसीची घरघर जाते आणि तिने आतापर्यंत झाकलेली बोलणी उघडी पडतात.

वरच्या पट्टीतला आवाज अडवायला इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा हेडफोनच्या कपाची गादी कामाला येते. गादी कानाभोवती सगळीकडून टेकली पाहिजे, आणि चष्म्याची जाड काडी तिथेच फट पाडते. त्या फटीतून बोलणी आत येतात, बास बाहेर जातो, आणि नॉइज कॅन्सलिंगचंही गणित बिघडतं. पडताळून पाहा: गाणं चालू ठेवून चष्मा काढा. ढोलकीला एकदम वजन आलं तर फट मोठी आहे. पातळ तारेच्या काडीची फ्रेम फरक पाडते.

चष्मा बदलायचा नसेल तर कानात घालायचे इअरफोन आणि फोमचे टिप घ्या. फोम बोटांमध्ये वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढा, टिप आत सरकवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. तेवढ्यात ते फुगून बसतं. नुसतं खुपसलं तर ते बाहेरच फुगतं आणि लोक म्हणतात, फोमचा काही उपयोग नाही. दोन्ही कानांना वेगवेगळा साइझ लागला तर गोंधळू नका, खूप जणांना लागतो.

तरीही शब्द पोचत असतील तर संथ आवाजात पावसाचं रेकॉर्डिंग लावा. तानपुरा ॲप मनाला बरं वाटतं, पण बोलणं झाकायला पाऊस सरस, कारण त्यात सगळ्या पट्ट्या भरलेल्या असतात.

आणि तुमच्याकडच्या दमट हवेत गाद्यांचं रेक्झिन सोलटून काळे कपचे कानाला चिकटायला लागले की हेडफोन टाकून देऊ नका, फक्त गाद्या बदला. मॉडेलचं नाव घालून शोधा. नुसता व्यास जुळून भागत नाही, जाडी आणि आतलं भोकही तेवढंच हवं, नाहीतर आवाज बदलतो. सॅनिटायझरने गाद्या पुसणं हा त्या लवकर मारण्याचा हमखास मार्ग.

भावाने सेनहायझर एचडी ६०० भेट दिलाय. ऑफिसात वापरू का? (सॅन होझे)

घरी वापरा. तो मागून उघडा आहे, तुमचं गाणं शेजाऱ्यालाही ऐकू जाईल आणि त्याचा फोन तुम्हाला. शिवाय त्याचा विजेला होणारा अडथळा जास्त, ३०० ओहम, असल्यामुळे बऱ्याच लॅपटॉपवर हळू वाजेल. शांत खोलीत, धड डोंगल किंवा ॲम्प्लिफायर जोडून ऐकाल तेव्हा भावाला फोन कराल.

आठ तास कानात गाणी असतात. आवाज किती ठेवावा? (कोल्हापूर)

जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा: ८३ला २० तास, ८६ला १०. आठवड्याला पाच दिवस ऑफिस धरलं तर तुमचे ४० तासच होतात, म्हणजे ८० हीच तुमची वरची रेघ.

मीटर नसेल तर असं करा. पहाटे घरात सामसूम असताना गाणं आरामात ऐकू येईल एवढा आवाज लावा आणि पट्टीवरचा आकडा लिहून ठेवा, समजा १६ पैकी ६. ऑफिसात त्याच्या वर एक-दोन घरं चालतील. चार-पाच घरं वर जावं लागत असेल तर खोट आवाजात नाही, टिप किंवा गादी नीट बसलेली नाही. त्याच आकड्याला लोकलमध्ये गाणं ऐकू येत नाही म्हणून वाढवलेला आवाज ऑफिसात पोचल्यावर खाली आणायला मात्र बरेच जण विसरतात.

साहेबांनी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून एकाच कानात इअरफोन घालते. काही गाण्यांत सतारच गायब होते. (सोलापूर)

सतार दुसऱ्या कानात वाजतेय. सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'खाली ऑडिओच्या भागात 'मोनो ऑडिओ' चालू करा. अँड्रॉइड, आयफोन आणि विंडोज ११, तिन्हींमध्ये आहे. दोन्ही बाजू एकत्र होऊन एका कानात येतील. घरी दोन्ही कानांनी ऐकताना ते बंद करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या अंकासाठी तुमचं पत्र येईल की स्टिरिओ गेला.