वाचक विचारतात: शाळेला परवानगी कोण देतं आणि नंतर बघतं कोण?

मागच्या अंकात मी एका उत्तरात सहज लिहिलं होतं की अमेरिकेत चार्टर शाळा म्हणून एक प्रकार असतो, तिथे शाळेला मुदतीचा लेखी करार असतो आणि मुदत संपली की परत हिशोब द्यावा लागतो. त्यावर बेळगाव भागातून, खानापूर, निपाणी, उद्यमबाग, कुठून कुठून पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारू नका. त्यातले चार प्रश्न घेतोय. मी आयटीआयला फिटर शिकवण्यात आयुष्य घातलंय त्यामुळे धंदेशिक्षणाचा विषय निघाला की माझं उत्तर लांबतं, समजून घ्या.

प्रश्न: सर, मी खानापूर तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमचा पट 19 वर आलाय. माझी मावसबहीण अमेरिकेत जॉर्जिया राज्यात असते, तिची मुलगी चार्टर शाळेत जाते, ती म्हणते फी नाही पण आपल्यासारखी सरकारी पण नाही. हे नेमकं काय आहे? आणि आमची शाळा गावाने तशी चालवायला घेतली तर?

बाई, तुमच्या भाचीची शाळा सरकारीच म्हणायची. पैसा सरकारचा, फी नाही, धर्म शिकवायचा नाही, आणि जागेपेक्षा जास्त मुलं आली तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश. फरक एवढाच की चालवणारं मंडळ वेगळं असतं, त्याला रोजच्या कारभारात बरीच मोकळीक असते आणि त्या मोकळिकीच्या बदल्यात त्याने लिहून दिलेलं असतं की आम्ही मुलांना अमुक शिकवू, एवढ्या वर्षात एवढं करून दाखवू, नाही जमलं तर शाळा काढून घ्या. हे लिहून दिलेलं म्हणजेच चार्टर.

सुरुवात मिनेसोटा राज्यात झाली, 1991 ला कायदा आणि 1992 ला सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी नावाची पहिली शाळा, आणि ती कुणासाठी काढली तर शाळा सोडून बसलेल्या पोरांसाठी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हुशार पोरांसाठी शाळा काढायला कुणीपण पुढे येतो.

आता तिकडे सगळ्या देशाला मिळून एकच कायदा असं नाही, प्रत्येक राज्याचा नियम निराळा. परवानगी देणाऱ्याला ऑथोरायझर म्हणतात. मॅसॅच्युसेट्समध्ये फक्त राज्याचं शिक्षण मंडळ परवानगी देतं, मिशिगनमध्ये विद्यापीठंसुद्धा देऊ शकतात, कॅलिफोर्नियात अर्ज आधी स्थानिक शाळा-मंडळाकडे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाकडे जातो. मुदत बऱ्याच ठिकाणी तीन ते पाच वर्षं असते पण अ‍ॅरिझोनात एकदम 15 वर्षांचा करार होतो.

कॅलिफोर्नियाचं जरा सविस्तर सांगतो कारण त्यातून आपल्याला शिकण्यासारखं आहे. तिथे नवी शाळा काढायची तर पहिल्या वर्षी जेवढी मुलं येतील असा अंदाज आहे त्याच्या निम्म्या मुलांच्या पालकांच्या सह्या लागतात, किंवा जेवढे शिक्षक लागणार त्यातल्या निम्म्या शिक्षकांच्या. आणि तुम्ही विचारताय तशी चालू सरकारी शाळा चार्टर करायची असेल तर त्या शाळेतल्या कायम शिक्षकांपैकी निम्म्यांनी सही करावी लागते, म्हणजे बाई, तुमच्या सहीशिवाय काही होत नाही. अर्जात 15 मुद्दे लिहावे लागतात, काय शिकवणार, मोजणार कसं, शिक्षक कोण, हिशोब कोण तपासणार, आणि शेवटचा मुद्दा, शाळा बंद पडली तर काय. मुलांचे दाखले आणि रेकॉर्ड कुठे जाणार हे शाळा सुरू व्हायच्या आधी लिहून द्यायचं. आपल्याकडे बंद पडलेल्या शाळेचा दाखला काढायला म्हाताऱ्या माणसांना चार चार हेलपाटे घालताना मी बघितलंय, म्हणून हा मुद्दा वाचून मी थांबलोच. अर्ज आला की शाळा-मंडळाने 60 दिवसात जाहीर सुनावणी घ्यायची, 90 दिवसात निर्णय द्यायचा, आणि नाही म्हणायचं असेल तर का नाही ते लेखी द्यायचं. त्यावर अपील करता येतं. देखरेखीच्या खर्चासाठी शाळा-मंडळ चार्टर शाळेच्या सरकारी पैशातला साधारण 1 टक्का घेऊ शकतं, म्हणजे तपासणी ही मेहरबानी नाही, पैसे घेऊन करायचं काम आहे.

तुमच्या गावाचं म्हणाल तर कर्नाटकात असा कायदाच नाही. इथे 1983 चा कर्नाटक शिक्षण कायदा आणि 2009 चा आरटीई (शिक्षणहक्क कायदा), म्हणजे चालू सरकारी शाळा करार करून गावाच्या मंडळाकडे द्यायची सोय यात नाही. पण बाई, एसडीएमसी, म्हणजे पालकांची शाळा विकास आणि देखरेख समिती, आहे की. तिची बैठक बहुतेक गावात सह्यांपुरती होते हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही पुढच्या बैठकीत एक साधा कागद ठेवा, की आमच्या शाळेतलं चौथीचं प्रत्येक मूल मार्चपर्यंत मराठीचं पान न अडखळता वाचेल, कन्नडचा सोपा धडा वाचेल आणि भागाकार करेल, त्याखाली तुमची सही, अध्यक्षांची सही, पालकांच्या सह्या किंवा अंगठे, आणि मार्चमध्ये सगळ्यांसमोर वाचून घ्यायचं. याला बीईओ ऑफिसची, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची, परवानगी लागत नाही. 19 चा पट वाढायचा असेल तर गावातल्या ज्या आया पोराला इंग्लिश मिडीयमच्या व्हॅनमध्ये बसवतात त्यांना हे वाचन ऐकू द्या, शाळेला रंग मारून त्या परत येणार नाहीत.

प्रश्न: नमस्कार सर. माझं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे, कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशिनं तीन आणि जुने लेथ. आम्ही सात-आठ शॉपवाले मिळून धंदेशिक्षणाची एक शाळा काढायची म्हणतोय कारण मुलं आयटीआय करून येतात पण व्हर्नियरवरचं बारीक माप वाचता येत नाही. अमेरिकेत कारखानदार मिळून अशी शाळा काढतात असं ऐकलं. परवानगी कुणाची घ्यायची?

अण्णा, बरोबर ऐकलंत. जॉर्जियातच कोवेटा काउंटी आहे, तिथे न्यूनन गावात 2000 साली सेंट्रल एज्युकेशनल सेंटर सुरू झालं, तिथलं शाळा-मंडळ, तिथलं टेक्निकल कॉलेज आणि आजूबाजूचे कारखानदार अशा तिघांनी मिळून काढलेली चार्टर शाळा. मुलं आपापल्या हायस्कूलचीच असतात, दिवसातला काही वेळ इथे येऊन काम शिकतात. पुढे जॉर्जियात ठिकठिकाणी त्या धर्तीवर कॉलेज अँड करिअर अकॅडमी निघाल्या. फ्लोरिडात तर धंदेशिक्षणाच्या चार्टर केंद्रासाठी कायद्यात वेगळं कलमच आहे, त्याला जिल्ह्याचं शाळा-मंडळ परवानगी देऊ शकतं, कम्युनिटी कॉलेजचं मंडळपण देऊ शकतं, दोघं मिळूनपण. म्हणजे ज्याला ते काम कळतं त्याच्या हातात परवानगी.

आपल्याकडे मात्र दोन वेगळी दारं आहेत आणि लोक चुकीच्या दारात फाईल घेऊन उभे राहतात. डीडीपीआय, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकांचं ऑफिस, पहिली ते दहावीच्या शाळेचं. आयटीआय काढायची तर तो रस्ता राज्याच्या औद्योगिक प्रशिक्षण आणि रोजगार खात्याकडून दिल्लीच्या डीजीटीकडे, म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाकडे जातो आणि मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही, ट्रेडवार (म्हणजे एकेका धंद्याला) आणि युनिटवार (म्हणजे एकेका तुकडीला) मिळते. फिटरचं एक युनिट म्हणजे 20 मुलं, दोन वर्षांचा कोर्स, त्याला एवढी जागा, एवढी मशिनं, एवढा वीजपुरवठा, असा शिकवणारा, सगळं यादीत छापलेलं आहे.

पण अण्णा माझं मत विचाराल तर नवी संस्था काढू नका. तुमची अडचण परवानगीची नाही, तपासणीची आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी पोराला माइल्ड स्टीलचा तुकडा देतात, कानस मारून चारी बाजू काटकोनात आणायच्या. पोरगा घामाघूम होऊन आठवडाभर घासतो आणि जॉब, म्हणजे तो तुकडा, टेबलावर ठेवतो, दिसायला चकाचक. मग गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार, लावून उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि जॉबच्या मधून उजेडाची बारीक चीर दिसली की परत घासायला पाठवायचं. माझ्या शेवटच्या काही वर्षात एका बॅचला आठवडाभर रजेवर होतो, परत आलो तर सगळ्या जॉबना मार्क पडलेले, आणि गुण्या लावला तर 20 पैकी 13 जॉबमधून उजेड येत होता. कुणी लबाडी केली असं नाही म्हणत, बदलीच्या माणसाला वही पूर्ण करायची होती. आपल्याकडची मान्यता पण अशीच आहे, खोलीचं माप घेतात, मशिनं मोजतात, फायरचा दाखला बघतात, आणि मुलाच्या हातातला जॉब उजेडाकडे धरायचं राहून जातं. आरटीईच्या परिशिष्टातसुद्धा बघा, खोल्या, संडास, मैदान, शिक्षकांची संख्या, शाळेचे दिवस पाचवीपर्यंत 200 आणि सहावी ते आठवी 220, सगळं गरजेचंच आहे, पण मूल वाचतं का हा रकाना त्यात नाही.

तर तुम्ही सात-आठ जणांनी जवळच्या चांगल्या आयटीआयशी डीएसटीमध्ये करार करा, म्हणजे दुहेरी प्रशिक्षण, थिअरी तिकडे आणि कामाचा भाग तुमच्या शॉपमध्ये, सर्टिफिकेट सरकारीच. शॉप एकेकटं त्यात बसेल का ते आधी आयटीआयच्या प्रिन्सिपॉलना विचारून घ्या. ते नाही जमलं तर अप्रेंटिस घ्या, 1961 चा कायदा आहे, 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला सक्तीचं आणि 4 ते 29 माणसांच्या शॉपला ऐच्छिक, विद्यावेतनाचा काही हिस्सा केंद्र सरकार भरतं. आणि करारात एक ओळ तुमच्या पदरची घाला की दर तीन महिन्यांनी तुमच्यातला एक जण व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घेऊन मुलांची परीक्षा घेईल. बेळगावात जीटीटीसी हे सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे टूल अँड डायची पोरं कशी घडवतात ते एकदा जाऊन बघून या. खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाचं कुंभारकामाचं केंद्र आहे, तिथेपण तेच, मडकं भट्टीतून निघाल्यावरच खरं कळतं.

प्रश्न: आम्ही बेळगाव तालुक्यातल्या गावात मराठी माध्यमाची खाजगी शाळा काढू शकतो का? काही लोक म्हणतात आता परवानगीच मिळत नाही.

काढता येते. घटनेच्या कलम 30 प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांना आपली शिक्षणसंस्था काढायचा हक्क आहे आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यवार ठरतं असं सुप्रीम कोर्टाने 2002 च्या निकालात सांगितलंय, त्यामुळे कर्नाटकात मराठी माणूस त्यात बसतो. माध्यमाचं म्हणाल तर 2014 मध्ये घटनापीठाने सांगितलं की प्राथमिक शाळेवर सरकार माध्यम लादू शकत नाही. तो खटला इंग्लिश मिडीयमवाल्या संस्थांचा होता पण तत्त्व आपल्यालाही लागू पडतं. मात्र मान्यता घ्यावीच लागते, विनामान्यता शाळा चालवली तर दंड होऊ शकतो. आणि 2015 च्या कायद्याने पहिलीपासून कन्नड शिकवणं भाग आहे, पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून. माझं सांगणं, कन्नडचा शिक्षक चांगला नेमा आणि मनापासून शिकवा, आपली पोरं बसमध्ये, बँकेत, तहसीलमध्ये इथेच वावरणार आहेत. पगाराला अनुदान मिळेल हे धरून मात्र चालू नका.

प्रश्न: सर मी निपाणीची. बिड्या वळून पोराला शिकवलं. दहावीनंतर एका संस्थेत इलेक्ट्रिशियनला घातला, आयटीआय आहे म्हणाले, दोन वर्षांची फी भरली. आता कंपनीत गेला तर म्हणतात हे सर्टिफिकेट चालत नाही. आम्ही काय करावं?

मावशी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला रात्री झोप नीट लागली नाही, कारण अशी चार-पाच पोरं मला माहीत आहेत. आधी हे ऐका की पोराचं शिकलेलं काम वाया गेलेलं नाही, हात तयार असेल तर रस्ता निघतो.

पहिलं काम, सर्टिफिकेटवर काय लिहिलंय ते कुणा जाणत्याकडून वाचून घ्या. खऱ्या आयटीआयच्या सर्टिफिकेटवर नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट असं छापलेलं असतं, आणि ती संस्था कुठल्या ट्रेडला मान्य आहे हे स्किल इंडियाच्या सरकारी पोर्टलवर मोबाईलवरसुद्धा दिसतं. कधीकधी संस्था खरी असते, फिटरला मान्य असते, पण इलेक्ट्रिशियनला नसते, आणि पाटीवर दोन्ही लिहिलेलं असतं. मघाशी अण्णांना सांगितलं ना मान्यता ट्रेडवार असते, फसवणूक बरोबर त्या फटीतून होते.

दुसरं, संस्थेला लेखी अर्ज द्या की तुमचा मान्यता क्रमांक आणि इलेक्ट्रिशियनच्या युनिटचा आदेश दाखवा, अर्जाच्या झेरॉक्सवर पोचेचा शिक्का घ्या. देत नसतील तर औद्योगिक प्रशिक्षण खात्याकडे माहिती अधिकारात विचारा, 10 रुपये फी, 30 दिवसात उत्तर द्यावं लागतं. कर्नाटकात हा अर्ज 150 शब्दात आणि एकाच विषयाचा असावा लागतो, आणि कन्नड किंवा इंग्रजीत लिहा, मराठीत लिहिलेला परत येऊ शकतो. उत्तर हातात आलं की फीच्या पावत्या जोडून फी परत मागा, नाही दिली तर तो कागद घेऊन पोलिसात फसवणुकीची तक्रार करा. पावत्या नसतील तर फोनपेचा किंवा बँकेचा रेकॉर्ड काढा.

पोराला मधल्या काळात घरी बसवू नका. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर दहावी पास मुलांनापण घेणारे कारखाने असतात, कागल-कोल्हापूरच्या एमआयडीसीतपण चौकशी करा, तुमच्यापासून लांब नाही. आणि पुढे डिप्लोमा-इंजिनिअरिंगला जायची हिंमत असेल तर महाराष्ट्राच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांची वेगळी सोय आहे, दहावी सीमाभागातल्या शाळेतून झालेली असली की अर्ज करता येतो.

आणि मावशी, दहावीचं मूळ मार्कशीट संस्थेकडे जमा केलंय असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. बाकी सगळं नंतर, उद्या सकाळी पोराला घेऊन जा आणि आधी ते मार्कशीट परत आणा.