‘फायनल’ भावाची जुनी गाडी

प्रश्न: ऑनलाइन जाहिरातीत 2018 ची पेट्रोल हॅचबॅक आवडली आहे. एमएच 08 पासिंग, 58 हजार किलोमीटर, भाव 4 लाख 10 हजार ‘फायनल’. दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणून मालक आजच पाच हजार टोकन मागतोय. किती कमी करून मागू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: टोकन पाठवू नका, आणि फोनवर आकडाही बोलू नका. ‘3 लाख 80 देतो’ म्हणालात की पुढची बोलणी तिथूनच सुरू होतात. गाडीत नंतर दोष सापडले तरी त्याखाली उतरणं अवघड जातं. आरसीचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचा, फोटो मागा. कितवा मालक, बँकेचा बोजा, विम्याची मुदत हे एम-परिवहन अ‍ॅपवर पडताळा. थकलेली ई-चलानंही बघा.

सकाळी जा आणि इंजिन आधी सुरू करू नका असं बजावून ठेवा. थंड इंजिन सुरू होताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. ती गाडी सोडा.

एमएच 08 म्हणजे रत्नागिरी. जुलै 2021 च्या पुरात चिपळूणमध्ये असंख्य गाड्या बुडाल्या. ही त्यातली असेलच असं नाही, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ बघा. स्टेपनीखालचा खड्डा आणि सीटचे रूळ गंजलेत का तेही. भिजलेल्या वायरिंगचे कनेक्टर हळूहळू कुजतात आणि बिघाड काही महिन्यांनी डोकं वर काढतात. अशी गाडी निम्म्या भावातही नको.

आता भाव. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे 2218 असतील तर तो 2018 च्या 22 व्या आठवड्यातला, म्हणजे मूळचाच टायर. चार नव्यांचे साधारण 18 हजार. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही? क्लच गेलाय, साधारण 10 हजार. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, विकणाऱ्याकडेच राहतो, म्हणून विम्याचा वाढीव हप्ताही धरा. हा हिशेब कागदावर मांडून त्याच्यापुढे ठेवा. ‘थोडं कमी करा ना’ म्हटलं की ‘जमणार नाही’ हे उत्तर तयारच असतं. ‘टायर तुम्ही टाकून द्या, नाहीतर 18 हजार सोडा’ म्हटलं की त्याला टायरबद्दल बोलावंच लागतं.

बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात घ्या. आरसीवरचं नाव आधारशी जुळवा. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्यावरच पैसे द्या, तेही बँकेतून. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज 14 दिवसांत द्या.