नकाशात सासूबाईंचा ओटाच नव्हता

“मॅडम, विचारलं तर मी लोभी, नाही विचारलं तर मूर्ख. आता मी करू काय?”

तेजश्रीनं (नाव अर्थातच बदललंय) खुर्चीत टेकायच्या आधीच हे टाकलं. साताऱ्याजवळ सासऱ्यांचा तीन गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट, त्यावर घर बांधायचं घरात ठरलेलं. कर्ज नवरा काढणार, तिच्या पगारातून साठलेले 11 लाख त्यात घालायचे, कमी पडलं तर माहेरचं सोनं मोडायचं. सातबारावर मात्र एकट्या सासऱ्यांचं नाव. “उद्या काही झालं तर माझं काय?” एवढंच तिनं एकदा जेवताना विचारलं आणि सासूबाई ताटावरून उठल्या.

हा प्रश्न घेऊन येणारी बहुतेक वेळा सूनच असते. कधीमधी बायकोच्या माहेरच्या जागेत बांधू पाहणारा जावई. घरोघरी वाद मात्र विश्वासावरून चाललेला असतो, कागद कुणी उघडतच नाही.

कागदाचं आधी सांगून टाकते, ते त्यातल्या त्यात सोपं आहे. घरात पैसे घातले म्हणून जमीन आपली होत नाही. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केली तरी होत नाही. जमीन विनामोबदला नावावर करून द्यायची तर बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसह नोंदवावंच लागतं. सासऱ्यांनी स्वतः घेतलेला प्लॉट असेल आणि मृत्युपत्र न करता ते गेले, तर हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, मुलगा, मुलगी आणि हयात असेल तर त्यांची आई समान वाटेकरी. नवरा हयात असेपर्यंत सून त्यात नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिला राहत्या घरातून हाकलण्यापासून संरक्षण देतो, पण राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी. महाराष्ट्रात राहती मिळकत मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, वर स्थानिक अधिभार. रिकाम्या प्लॉटला ही सवलत लागते का, हे दस्त करण्याआधी निबंधक कार्यालयात विचारून घ्यावं. नवरा-बायको, नातवंडंही या सवलतीच्या यादीत आहेत. सूनही आहे, पण दिवंगत मुलाची पत्नी म्हणून! पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून परत वाचलं होतं.

पुढच्या वेळी मी चौघांनाही बोलावलं. सासरे प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खरेदीखत घेऊन आले. 1998 मध्ये पतपेढीचं कर्ज काढून घेतलेला प्लॉट. बोलताना त्यांचा हात त्या पिशवीवरून हलला नाही.

मी कायद्याचं काही काढलंच नाही. एवढंच विचारलं, “नवीन घरात सकाळचा पहिला चहा कोण करणार आणि कुठे?”

नवरा हसला, “आईच करते की रोज.” तेजश्री काहीच बोलली नाही. सासूबाई म्हणाल्या, “ओटा कुठल्या अंगाला आहे तेच मला ठाऊक नाही. इंजिनीअरनं काढलेला नकाशा हिच्या मोबाइलवर आहे. मला कुणी दाखवलाय?”

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

मग सासरे बोलले. बँकेनं प्लॉट तारण मागितलाय, म्हणजे सही त्यांची लागणार. “हप्ते चुकले तर जाणार काय? माझा प्लॉट. आणि नावावर करून दिला तर म्हातारपणी आम्ही कुणाच्या दारात?” तेजश्रीला वाटत होतं, आपल्याला रिकाम्या हातानं बाहेर काढतील. सासू-सासऱ्यांनाही नेमकं हेच वाटत होतं. नवऱ्याला कसलीच भीती नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावरच होता. दोन्हीकडे “होईल गं सगळं”, “होईल हो सगळं” म्हणत त्यानं सहा महिने काढले होते.

वकिलाकडे जाऊन आल्यावर ठरलं ते असं: सासऱ्यांनी अर्धा हिस्सा मुलाला बक्षीस द्यायचा, मुलानं त्यातला निम्मा तेजश्रीच्या नावे करायचा. उरलेल्या अर्ध्याचं मृत्युपत्र. सासू-सासऱ्यांना हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क, तोही दस्तातच लिहायचा. तेजश्रीचे पैसे तिच्या खात्यातूनच ठेकेदाराला जाणार, रोख एक रुपयाही नाही. काही सासरे अशा वेळी सरळ नाही म्हणतात. तो त्यांचा अधिकार आहे. अशा वेळी मी सुनेला सांगते, आपली पुंजी त्या भिंतींत घालू नकोस, स्वतःच्या नावावर दुसरीकडे गुंतव.

राहिली नणंद. तिला फोन सासऱ्यांनीच करावा, एवढा हट्ट मी धरला. ती बराच वेळ गप्प होती म्हणे. मग म्हणाली, “मला प्लॉट नको बाबा. पण दादाच्या स्टेटसवर भूमिपूजनाची तारीख बघून कळायला नको होतं.” भूमिपूजन पुढे ढकललंय.

परवा तेजश्रीनं नकाशाचा फोटो पाठवला. ओटा पूर्वेच्या खिडकीखाली सरकवलाय, पेन्सिलीनं, जरा वाकडा. खाली लिहिलं होतं: “सोनं अजून लॉकरमध्येच आहे. दस्त होईपर्यंत मोडायचं नाही, असं सासऱ्यांनीच बजावलंय.”